जुनी छोटी एसयूव्ही घेताय? आधी आईला मागच्या सीटवर बसवा

आमच्या घरात पाच माणसं, आई-बाबा, आम्ही दोघं आणि सात वर्षांचं पोरगं, आणि गाडी होती साधी हॅचबॅक. गावाला निघालं की आईचे गुडघे आणि येताना सोबत दिलेलं तांदळाचं पोतं यातलं काय दुमडायचं हाच प्रश्न. नवीन घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सात लाखांच्या आतली जुनी छोटी एसयूव्ही शोधायला लागलो, तीन महिने गेले, चौदा गाड्या बघितल्या, आणि एकदा तर टोकन द्यायला फोन हातात घेतला होता तेव्हा थोडक्यात वाचलो, ते खाली सांगतोच.

सगळे पहिल्यांदा विचारतात कुठलं मॉडेल घेऊ. माझं म्हणणं, आधी रोजचं रनिंग काढा. ऑफिस आणि शाळा मिळून दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर आणि वर्षातून चार वेळा गाव, एवढंच असेल तर डोळे झाकून पेट्रोल. डिझेलचं ॲव्हरेज ऐकून माणसं भुलतात, पण एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस सिक्स नियम लागू झाला आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाईनमध्ये डीपीएफ आला, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. नुसती सिग्नल टू सिग्नल चालवली की तो तुंबतो, डॅशबोर्डवर लाईट लागते आणि बदलायची वेळ आली तर खर्च ऐकून ॲव्हरेजचं सगळं सुख निघून जातं. उलट आठवड्यातून दोनदा पुणे-सोलापूर करणाऱ्याला डिझेलसारखं दुसरं काही नाही.

यावरून मॉडेल आपोआप कमी होतात. ब्रेझा 2016 ला आली ती 2020 च्या सुरुवातीपर्यंत फक्त डिझेलमध्येच होती, नंतर पेट्रोल झाली, त्यामुळे कुणी '2018 ची पेट्रोल ब्रेझा' म्हणाला तर आरसी बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. नेक्सॉनला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले, घरात लहान पोर असेल तर ही गोष्ट मनात राहतेच. एक्सयूव्ही 300 आतून रुंद, मागे तिघं नीट बसतात, पण डिकी बघून बायको म्हणाली यात बॅगा ठेवायच्या का टिफिन. व्हेन्यू, सोनेट शहरात चालवायला एकदम हलक्या. इकोस्पोर्ट स्वस्तात दिसतील कारण फोर्ड कंपनीने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, गाडी दणकट आहे, फक्त तुमच्या गावाजवळ तिचं काम करणारा माणूस आहे का ते आधी बघून या.

आता आईचा मुद्दा. गाडी बघायला घरची सगळी माणसं घेऊन जा, निदान ज्यांचे गुडघे दुखतात ते तरी. आई एका गाडीत चढली आणि उतरताना दार धरून थांबली, तिथंच ती गाडी कटाप. मागे तिघांना बसवा, पुढची सीट तुम्ही चालवता तेवढी मागे घ्या आणि मग बघा. मागच्या सीटला एसीचे झरोके आहेत का तेही बघा, जुन्या ब्रेझात नाहीत, मे महिन्यात लातूरकडे जाताना ते चांगलंच कळतं.

आता जिच्यापासून मी थोडक्यात वाचलो ती गाडी. 2018 ची, रंग चकाचक, मीटरवर बेचाळीस हजार, भाव बाजारापेक्षा लाखभर कमी, आत बसलं की अत्तराचा भपका. मी खूश. आमचा मिस्त्री काही न बोलता मागच्या सीटला गेला आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण, किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण टीव्हीवर बघितलंय, त्या सगळ्या काय भंगारात गेल्या नाहीत. तेव्हा सीटच्या खालचे लोखंडी रूळ गंजलेत का, कार्पेटचा कोपरा उचलून खाली चिखल आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेडलाईटच्या आत पाण्याची रेघ आहे का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. आणि वास दाबायला फार सेंट मारलेला असेल तर आधी काचा उघडा.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडून बिजागराचे बोल्ट बघा, पान्याने खरवडल्यासारखे दिसले तर ते कुणीतरी खोललंय. एखादा बंपर रंगवलेला असेल तर घाबरायचं काम नाही, आपल्या रस्त्यांवर बंपर म्हणजे चपलेसारखा असतो, पण दाराचे रबर ओढून आत खांबावर नव्याने केलेलं वेल्डिंग दिसलं तर सरळ चहा पिऊन घरी या. टायरवर चार आकडी नंबर असतो, 3221 म्हणजे 2021 चा बत्तिसावा आठवडा. बेचाळीस हजार चाललेल्या गाडीचे ब्रेक-क्लचच्या पायाखालचे रबर गुळगुळीत झाले असतील तर मीटर मागे घेतलेला असू शकतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवर जुनी हिस्ट्री काढायला मालकालाच सोबत न्या.

मालकाला आधीच सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनला खरा आवाज कळतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखी साय म्हणजे बहुतेक पाणी मिसळतंय. टेस्ट ड्राईव्हला गाणी बंद, काचा खाली, आणि खराब रस्त्यावर तीस-चाळीसच्या स्पीडने न्या, गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप बदलणाऱ्या गिअरची असेल तर चढावर थांबवून उचलून बघा.

कागदांचं मात्र आळस न करता करा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का ते दिसतं, ट्रॅफिकचे ऑनलाईन चलान पण तपासा. लोन फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हवा, नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात कारण तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेलच्या डोक्यावर बंदीची टांगती तलवार आहे, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई बरीच आटते. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला व्यवहारानंतर चौदा दिवसांत अर्ज टाका, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे पुढचा हप्ता जास्त येईल.

भाव करताना एक गोष्ट लोक विसरतात. सप्टेंबर 2025 ला नव्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, त्यामुळे मालक 'मी घेतली तेव्हा बारा लाखाला पडली' म्हणाला तरी हिशोब आजच्या शोरूमच्या किमतीवरून करायचा. आणि बजेटमधले तीसेक हजार बाजूला ठेवा, ऑईल, फिल्टर, बॅटरी, वायपर, काहीतरी निघतंच.

शेवटचे पैसे देताना दोन्ही चाव्या हातात घ्या. आम्हाला एकच मिळाली, दुसरी 'गावाला राहिलीय, पाठवतो' म्हणाले, सात महिने झाले, अजून एसटीतच असेल बहुतेक.