गुलामगिरी आणि भांडवलशाही यांच्या संबंधावरील वाद कसा वाचावा

गुलामांच्या श्रमावर आधुनिक भांडवलशाही उभी राहिली का, या वादात उतरताना समोरच्या अभ्यासकाचा दावा नेमका कोणता आहे, हे आधी ठरवावे. गुलामांच्या श्रमावर मळेवाल्यांनी भरघोस नफा कमावला, हा एक दावा. त्या नफ्यावाचून औद्योगिक क्रांती झालीच नसती, हा दुसरा, आणि खरा वाद याच्यावर आहे. त्रिनिदादचे इतिहासकार व पुढे तेथील पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी १९४४ साली गुलामांच्या व्यापाराने ब्रिटिश उद्योगांना भांडवल पुरवल्याचे मांडले. आर्थिक इतिहासकार स्टॅन्ली एंगरमन यांनी हा नफा ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत किरकोळ ठरवला; त्याच क्षेत्रातील बार्बरा सोलो यांनी तोच नफा तेथील गुंतवणुकीशी ताडला, तेव्हा तो मोठा दिसला. म्हणून टक्केवारी समोर आली की ती कशाची आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर एकच आकडा घेऊन त्याची दोन स्पष्टीकरणे शेजारी ठेवून वाचावीत. अमेरिकेच्या दक्षिणेत १८०१ ते १८६२ या काळात एका माणसाची दिवसाची कापूसवेचणी सुमारे चौपट झाली, हे अर्थशास्त्रज्ञ ॲलन ओल्मस्टेड आणि पॉल रोड यांनी मळ्यांच्या नोंदवह्यांवरून दाखवले आणि त्याचे श्रेय मेक्सिकन सरकीपासून तयार झालेल्या, मोठ्या बोंडांच्या नव्या वाणांना दिले. इतिहासकार एडवर्ड बॅप्टिस्ट यांनी २०१४ साली हीच वाढ छळाशी जोडली: संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलला जाई, ठरलेले वजन भरले नाही तर चाबूक बसे आणि ते वजनही वाढवत नेले जाई. ज्यांनी वेचणी केली आहे, त्यांना बोंड कसे उमलते यावर दिवसाचे वजन किती अवलंबून असते, हे सांगायला नको. वाढीचे कारण म्हणून मला वाणच अधिक पटतात. परंतु माणसांना पहाटेपासून अंधार पडेपर्यंत त्या ओळींत उभे ठेवले ते चाबकानेच, आणि हे विसरून केलेला उत्पादकतेचा हिशोब अपुरा राहतो.

बॅप्टिस्ट यांनी १८३६ मधील अमेरिकी अर्थव्यवहारापैकी जवळजवळ निम्मा कापसाशी जोडला, तेथे मात्र अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप मान्य करावा लागतो, कारण कापसाची किंमत धरल्यावर तो पिकवण्याचा खर्च पुन्हा मिळवला, तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते.

कापसासाठी गुलामगिरी अपरिहार्य होती का, हे तपासण्यासाठी १८६१ नंतरची वर्षे पाहावीत. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथील कापूस थांबला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडमधील लँकशायरच्या कापड गिरण्यांना गेला. आणि गुलामगिरी संपल्यानंतर अमेरिकेचे कापूस-उत्पादनही युद्धपूर्व पातळीच्या पुढे गेले. परंतु तेथे मुक्त झालेली असंख्य कुटुंबे बटाईने शेती करत कर्जात अडकली होती, तेव्हा हा पुरावा मांडताना त्यांच्या कर्जाच्या वह्याही सोबत वाचाव्यात.