अमेरिकेत कर्ज हाताबाहेर गेलं तर वकील कसा शोधाल

एका क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावरून भरायची वेळ आली की ‘डेट सेटलमेंट’वाल्यांचे, म्हणजे तडजोड करून कर्ज कमी करून देतो म्हणणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. ते बाजूला ठेवा. कर्जातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज. हे खटले फेडरल (केंद्राच्या) न्यायालयात चालतात, त्यामुळे रोज तेच काम करणारा वकील हवा. ग्रीन कार्डाचे कागद करून देणारा ओळखीचा वकील इथे चालत नाही. फक्त फॉर्म भरून देणारे ‘पिटिशन प्रिपेअरर’ही नकोत, त्यांना कायदेशीर सल्ला देण्याची मुभाच नसते.

नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्यूमर बँकरप्सी अटर्नीज या संघटनेच्या यादीतून तीन नावं काढा. राज्याच्या बारकडे सनद चालू आहे का, कधी शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, ते तपासा. ‘पेसर’ या न्यायालयीन संकेतस्थळावर पानाला १० सेंट देऊन जुन्या खटल्यांचे कागदही पाहता येतात. ऐपत नसेल तर लीगल एड, म्हणजे मोफत कायदेशीर मदत, आहे, पण केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्था एच-१बी वाल्यांना सहसा घेत नाहीत.

पहिली भेट बऱ्याच ठिकाणी फुकट असते. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, ज्यांचं देणं आहे त्यांची यादी आणि समन्स आलं असेल तर तेही न्या. सोबत भारताची फाइल हवीच: एनआरई-एनआरओ खाती, पीपीएफ, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू, पुण्यातल्या फ्लॅटचा इंडेक्स टू, गावच्या जमिनीचा सातबारा. वडिलोपार्जित जमिनीत नुसतं वारस म्हणून नाव लागलेलं असलं तरी ते सांगा. अर्जात जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते. लपवली तर कर्जमाफी जाते, गुन्हाही दाखल होऊ शकतो. जो वकील भारतातल्या मालमत्तेबद्दल स्वतःहून विचारत नाही, त्याच्याकडून उठून या. आमच्या मते हीच सगळ्यात खरी चाचणी.

मग विचारा: दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ खाली अर्ज करायचा की १३ खाली, आणि का? सातमध्ये कायद्याने तुमच्याकडे ठेवू दिलेली सोडून बाकीची मालमत्ता विकली जाऊ शकते. तेरामध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे, मालमत्ता सहसा राहते. पुण्यात बिनकर्जाचा फ्लॅट असेल तर सातचा सल्ला ऐकताना कान टवकारा. कोर्ट फी सातला ३३८ डॉलर, तेराला ३१३. वकिलाची फी वेगळी. सातमध्ये ती बहुधा आधीच भरावी लागते, तेरामध्ये हप्त्यांत बसवता येते. करार लेखी घ्या. सुनावणीला तो स्वतः येणार की सहायक, तेही त्यात लिहून घ्या.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट कौन्सेलिंग (कर्जाबद्दलचं समुपदेशन) करावंच लागतं. ते राहिलं तर अर्ज फेटाळला जातो. वकील ठरेपर्यंत भावाचे उसने पैसे फेडू नका: नातेवाइकांना वर्षभरात केलेली परतफेड ट्रस्टी (खटल्यात तुमची मालमत्ता तपासायला नेमलेली व्यक्ती) परत मागू शकतो. फ्लॅट आईच्या नावावर करणं तर त्याहून वाईट, कारण तो व्यवहार लपवाछपवीत धरला जातो.

सही करण्याआधी ‘शेड्यूल ए/बी’, म्हणजे अर्जातली मालमत्तेची यादी, स्वतः वाचा. त्यात भारतातलं काही सुटलं असेल तर शपथेवर सही तुमची असते, वकिलाची नाही.