एकाच कानाने ऐकू कमी येतं? या चुका टाळा

"उजव्याच कानात रातकिडे किरकिरते जी," काका म्हणाले. लसणाचं तेल घालून झालं होतं, मळ काढून झाला होता. मुद्द्याचं काकूंनी सांगितलं: "वर्ष झालं, फोन डाव्याच कानाले लावते."

वय झालं म्हणून सोडून देणं, ही पहिली चूक. म्हातारपणाचा बहिरेपणा साधारणपणे दोन्ही कानांना येतो. एकाच कानाचं ऐकणं जात असेल, आवाज येतो पण फोनवरचे शब्द उमगत नाहीत असं होत असेल, तर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. आठव्या, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ असू शकते. असे रुग्ण थोडेच. ती गाठ कॅन्सरची नसते, वर्षाला बहुधा 1-2 मिलिमीटरच वाढते, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र ऐकणं दोन-तीन दिवसांत अचानक गेलं, तर लगेच डॉक्टर गाठा. तेल घालत बसू नका.

हीच नस तोलही सांभाळते. दिवसा डोळे सावरून घेतात, अंधारात धुऱ्यावरून येताना पाय झोकांड्या खातात. काका दारूला शिवत नाहीत, तरी गावात कुजबुज झालीच.

दाढेची चूक तर भरून न येणारी. गाठ पाचव्या, म्हणजे गालाला स्पर्श कळवणाऱ्या नसेवर असली किंवा तिला दाबत असली, तर गाल बधिर होतो, कधी दाढच दुखल्यासारखी वाटते. एक दाढ काढूनही दुखणं तिथंच असेल, तर दुसरी काढण्याआधी दोन्ही गालांवर कापूस फिरवून बघा. कापसाला आपल्याकडे काय तोटा! एका बाजूला कमी कळलं, तर डॉक्टरांना सांगा.

लकव्याचंही तसंच, त्यामागेही गाठ असू शकते. नेहमीचा चेहऱ्याचा लकवा दोन-तीन दिवसांत पूर्ण दिसतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो. तोंड आठवड्या-आठवड्याने वाकडं होत गेलं, तर नुसत्या मालिशवर राहू नका. आवाज बसणं, गिळताना ठसका, जीभ एका बाजूने बारीक होणं, यांचं खापर तंबाखूच्या खर्ऱ्यावर फोडून थांबू नका. खर्रा असला तरी तपासायलाच हवं.

साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, लहान गाठ त्यात निसटते. कॉन्ट्रास्ट एमआरआय, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेला एमआरआय लागतो. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. डोकेदुखीसोबत उलट्या किंवा दोन-दोन दिसणं सुरू झालं, तर थेट मोठं हॉस्पिटल.

काकांची गाठ लहान निघाली. ऑपरेशन नाही, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. काकूंनी ऑडिओग्रामचा कागद घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला.