जुन्या फॉन्टमधली मराठी स्मरणिका ईपबमध्ये कशी आणावी

बडोद्यातल्या मराठी मंडळांत अशी एखादी फाइल हमखास निघते: पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली, जुन्या फॉन्टमधली स्मरणिका, नाहीतर आजोबांच्या आठवणी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. ज्या संस्थानाने पेट्या भरभरून पुस्तकं गावोगावी फिरवली, तिथला मजकूर प्रेसवाल्याच्या जुन्या संगणकात अडकून पडावा, हे काही बरं नाही.

तो ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या खुल्या साच्यात, असा आणता येतो. आधी त्या फाइलची पीडीएफ मिळवा. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर निम्मं काम झालंच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतात, नाही. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की सगळं निरर्थक, आणि शोधही चालत नाही. फाइल ईपबसारख्या खुल्या साच्यात आणली तरी हे कुलूप तसंच राहतं. मराठीत खरी अडचण इथेच आहे.

फॉन्टचं नेमकं नाव पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडतं. त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर, म्हणजे अक्षरं बदलून देणारं साधन, वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. मग मूळ छापील प्रत शेजारी ठेवून वाचा. रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, ‘ऱ्य’ आणि ‘क्ष’ बिघडतात. याला वेळ लागतो. दोघांनी बसावं, एकाने वाचावं, दुसऱ्याने तपासावं.

पुढचं सोपं आहे. लिब्रेऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेखाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ शैली द्या; नुसतं ठळक केलं तर अनुक्रमणिका बनत नाही. मग फाइल मेनूतून ‘एक्स्पोर्ट ॲज ईपब’. भाषा मराठी असल्याची खात्री करा, नाहीतर मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप गोंधळतं.

ईपब म्हणजे वेबपानांची झिप केलेली गठडी. फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) बदलून ‘झिप’ केलं की आतला मजकूर थेट दिसतो, म्हणून उद्या एखादं ॲप बंद पडलं तरी फारसं बिघडत नाही. किंडल या ॲमेझॉनच्या ई-वाचकाच्या एझेडडब्ल्यू साच्याची सूत्रं मात्र ॲमेझॉनच्या हातात.

पुण्यातल्या भाच्याकडे किंडल असेल तर केबलने टाकलेली ईपब तिथे उघडणार नाही. ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेने पाठवा; २०२२पासून तिथे ईपब चालते. किंडलच्या जुन्या मोबी साच्यात मात्र करत बसू नका. ईपबसोबत युनिकोडमधली मूळ रायटर फाइलही मंडळाच्या दोन-तीन जणांकडे ठेवा, दुरुस्त्या तिच्यातच करायच्या असतात.