पीआर इंटर्नशिपला जाताय? मग नोट्समधली थिअरी सोबत न्या, असं वापरा

मास कॉम, बीएएमएमसी, जर्नालिझम करणाऱ्या मुलामुलींना आता इंटर्नशिप करावीच लागते, नवीन शैक्षणिक धोरणानंतर ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंग) क्रेडिट्स पण आलेत. मी पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, काम करते, इंटर्न माझ्या शेजारीच बसतात आणि शेवटी त्यांचे रिपोर्टही मलाच वाचायला येतात. बहुतेक रिपोर्टमध्ये पहिल्या प्रकरणात ग्रुनिग आणि हंट या पीआर अभ्यासकांची थिअरी, दुसऱ्या प्रकरणात "मी मीडिया लिस्ट केली, प्रेसनोट पाठवली, कात्रणं काढली" अशी यादी, आणि या दोन प्रकरणांची एकमेकांशी ओळखच नसते. मग व्हायव्हाला सर विचारतात की थिअरी कुठे वापरली, आणि सगळे गप्प.

माझं म्हणणं एवढंच आहे की थिअरी काम झाल्यावर रिपोर्टात चिकटवायची नसते, काम हातात आलं की त्याला प्रश्न विचारायला ती वापरायची. इंटर्नला मिळतात ती कामं छोटी असतात हे खरंय, पण प्रश्न विचारायला छोटं काम पुरतं.

पहिला आठवडा: आपलं ऑफिस नक्की करतंय काय

ग्रुनिग आणि हंट यांनी 1984 मध्ये पीआरची चार मॉडेल्स मांडली, प्रेस एजंट्री, पब्लिक इन्फर्मेशन, टू-वे असिमेट्रिक आणि टू-वे सिमेट्रिक. परीक्षेला आपण ती जिन्यासारखी लिहितो, खालचं वाईट, वरचं चांगलं. ऑफिसात बघा, एकाच दिवसात तीन मॉडेल्स चालू असतात. सकाळी सिनेमाच्या प्रमोशनसाठी कलाकारांना कॉलेजात नेणं चाललंय (प्रेस एजंट्री), दुपारी बँकेच्या नवीन शाखेची वेळ-पत्ता असलेली साधी प्रेसनोट (पब्लिक इन्फर्मेशन), संध्याकाळी क्लायंटसाठी सर्व्हे, पण तो कशासाठी तर कुठला मेसेज लोकांना जास्त पटेल ते शोधायला, म्हणजे असिमेट्रिक. सरकारी बाजू बघायची असेल तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या रोजच्या प्रेसनोट वाचा, पब्लिक इन्फर्मेशनचं त्याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

सिमेट्रिक ओळखायला मी एकच प्रश्न विचारायला सांगते. लोकांचं ऐकून क्लायंटने स्वतःचं काही बदललं का? मेसेजचे शब्द बदलणं यात धरायचं नाही, किंमत, वेळ, पॅकिंग, पॉलिसी, असं काहीतरी खरंखुरं बदललेलं हवं. बदललं असेल तर लिहून ठेवा, नसेल तर तेही लिहा. उत्तर बऱ्याचदा "नाही" येईल, त्याने नाराज होऊ नका, तुमच्या रिपोर्टला खरा मुद्दा तिथेच मिळतो.

प्रेसनोट आणि मीडिया लिस्ट

इथे अजेंडा सेटिंग (लोकांनी कशाबद्दल विचार करायचा ते माध्यमं ठरवतात ही थिअरी) लावायचा मोह होतो. मॅककोम्ब्स आणि शॉ यांचा 1972 चा तो पेपर अख्ख्या निवडणुकीतल्या मुद्द्यांबद्दल होता, तुमच्या एका प्रेसनोटने शहराचा अजेंडा सेट होत नाही, तेव्हा ते रिपोर्टात लिहू नका प्लीज. तुमच्या कामाची थिअरी आहे गेटकीपिंग. म्हणजे ही बातमी कोणाच्या टेबलावरून पुढे जाते किंवा थांबते, आणि त्या माणसाला ती पुढे ढकलणं सोपं कसं जाईल.

त्यामुळे मीडिया लिस्टमध्ये नाव-नंबर-ईमेल एवढंच न ठेवता बीट (बातमीदाराचा ठरलेला विषय), आवृत्ती आणि त्या बातमीदाराने गेल्या महिन्याभरात काय लिहिलंय याचा एक कॉलम करा. लोकमत, सकाळ, पुढारी यांच्या जिल्हा आवृत्त्या आणि पुरवण्या वेगवेगळ्या चालतात, पुण्याची प्रेसनोट जशीच्या तशी कोल्हापूरला पाठवली तर तिथल्या डेस्कला तिचा काही उपयोग नाही. कोल्हापूरचं कोण त्यात आहे, तिथे काय होणार, हे पहिल्या परिच्छेदात पाहिजे.

आणि मराठी प्रेसनोट मराठीतच लिहा. इंग्रजी नोट आधी मंजूर होते आणि मग इंटर्नला सांगतात "जरा मराठी करून टाक", त्यातून "आम्हाला हे घोषित करताना अत्यंत आनंद होत आहे" छाप वाक्यं येतात जी उपसंपादक पहिल्या फटक्यात कापतो. वरिष्ठांना विचारा की मी मुद्दे घेऊन मराठी नोट नव्याने लिहू का, बहुतेक जण हो म्हणतात कारण त्यांचाच वेळ वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या आतच किंवा वर्ड फाईलमध्ये, नुसती पीडीएफ नको कारण त्यातून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं तुटतात. फोटो वर्डमध्ये चिकटवायचे नाहीत, वेगळे जोडायचे, आणि खाली "डावीकडून" करून सगळ्यांची नावं. हे सगळं गेटकीपिंगच आहे, समोरच्याच्या हातातलं काम कमी करणं. "प्रेसनोट मिळाली का" एवढंच विचारायला फोन करू नका, त्यातही डेस्कवर पानं लागायची वेळ असताना तर नकोच. दुपारी करा आणि देण्यासारखं काहीतरी घेऊन करा, एखादा आकडा, मुलाखतीची वेळ, जास्तीचा फोटो.

लोक म्हणजे नक्की कोण

मला सगळ्यात उपयोगी वाटणारी थिअरी ही, आणि इंटर्न हिला सगळ्यात कमी हात लावतात. ग्रुनिगची सिच्युएशनल थिअरी ऑफ पब्लिक्स. ती तीन गोष्टी विचारते: माणसाला ही आपली अडचण आहे असं वाटतंय का, ती सोडवताना काही आडवं येतंय असं त्याला वाटतंय का, आणि त्याचा स्वतःचा संबंध किती जवळचा आहे. यावरून लोक गप्प आहेत, नुसते जाणून आहेत की काही करायला उठणार आहेत ते कळतं.

समजा तुम्ही एखाद्या संस्थेत इंटर्न आहात आणि काम आहे सोसायट्यांमध्ये ओला-सुका कचरा वेगळा करायची मोहीम. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून घरातच वर्गीकरण करणं बंधनकारक आहे, आणि पोस्टर, रील, शाळेची रॅली हे सगळं ठरलेलंच असतं. त्याआधी दोन सोसायट्यांत जाऊन आठ-दहा घरी नुसतं बोला. मी पैजेवर सांगते, "कचरा वेगळा करायचा असतो हे माहीतच नव्हतं" म्हणणारं क्वचित कोणी भेटेल. म्हणजे प्रॉब्लेम माहीत आहे. मग ऐकू येईल "आम्ही वेगळा करतो हो, पण खाली गाडीत सगळं एकत्रच टाकतात". हे झालं कन्स्ट्रेंट रेकग्निशन, आपण करून काही उपयोग नाही असं वाटणं. या माणसाला आणखी एक जनजागृतीचं पोस्टर दाखवून काय होणार, त्याला गाडीत दोन कप्पे आहेत आणि कचरा पुढे कुठे जातो ते दाखवायला पाहिजे, आणि गाडीत खरंच एकत्र टाकत असतील तर आधी ते थांबवायला पाहिजे. ते पीआरचं काम नाही असं कोणी म्हणेल. पण वरचा सिमेट्रिकचा प्रश्न आठवा, हीच ती वेळ, इथे इंटर्नने आणलेली माहिती संस्थेने गाडीवाल्यांशी किंवा पालिकेशी बोलायला वापरली तर मोहीम चालेल.

आणि तिसरं, संबंध कोणाचा जवळचा? पत्रक जातं फ्लॅटमालकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि अनेक घरांत कचरा डब्यात टाकतात आणि बाहेर ठेवतात घरकामाच्या मावशी, ज्या त्या ग्रुपवर नाहीत. कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी 1955 मध्ये टू-स्टेप फ्लो नीट मांडला, माध्यमांतून आलेली गोष्ट आधी काही माणसांपर्यंत जाते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांपर्यंत. आपण ओपिनियन लीडर म्हटलं की सोसायटीचे चेअरमन धरतो. चार घरी काम करणाऱ्या मावशींनी एका घरातली पद्धत दुसऱ्या घरात नेली तर चेअरमनच्या भाषणापेक्षा ती लवकर पोचेल. त्यांच्याशी बोला, आदराने बोला, त्यांना कामाच्या घाईत अडवू नका, आणि कुठला डबा कुठे ठेवला तर सोपं जातं हे त्यांनाच विचारा.

हे सगळं मिळून एका पानाची नोट होते. ती बॉसला द्या. रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं पान हेच असेल.

क्रायसिस आला तर

इंटर्नला क्रायसिसमध्ये बोलायला कोणी देत नाही आणि देऊही नये. स्वतःच्या अकाउंटवरून क्लायंटची बाजू घेऊन कमेंट टाकायची नाही, कोणी सांगितलं तरी नाही. तुम्हाला मिळतं मॉनिटरिंग, आणि तिथे कूम्ब्सची एससीसीटी (सिच्युएशनल क्रायसिस कम्युनिकेशन थिअरी) कामाला येते. तिचा गाभा असा की लोक दोष किती आणि कोणावर टाकतात त्यावर उत्तर ठरवायचं: संस्था स्वतःच बळी आहे, चुकून घडलंय, की टाळता आलं असतं.

सरावाला आपल्याकडची केस घ्या. ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या, महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासन) कारवाई केली. कॅडबरीचं सुरुवातीचं म्हणणं होतं की दुकानात नीट साठवण झाली नाही, म्हणजे दोष बाहेर. एफडीएने पॅकिंगवर बोट ठेवलं, आणि घराघरात मुलं खातात ती गोष्ट म्हटल्यावर लोकांनाही ते उत्तर पुरलं नाही. पुढे कंपनीचा प्रोजेक्ट विश्वास आला, दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणुकीचं काम झालं, जानेवारी 2004 पासून नवीन सीलबंद पॅकिंग आलं आणि सोबत अमिताभ बच्चन. रिपोर्टात बच्चनवर सगळे दोन पानं लिहितात. मला वाटतं खरं उत्तर पॅकिंग होतं, लोकांना डोळ्यांनी दिसणारा बदल तोच, आणि तो झालेला नसता तर बच्चन यांना बोलायला काही उरलं नसतं.

तुमच्या मॉनिटरिंग शीटमध्ये "पॉझिटिव्ह-निगेटिव्ह" बरोबर एक कॉलम वाढवा, दोष कोणावर टाकलाय. कंपनी, दुकानदार, सरकार, कोणीच नाही. दर दोन तासांनी तो कॉलम कुठे झुकतोय ते वरिष्ठांना सांगा, टीमला ते लगेच कामाला येतं.

कात्रणं आणि तो एव्हीई

कव्हरेज रिपोर्टमध्ये तुम्हाला कॉलम सेंटीमीटर मोजायला लावतील, गुणिले जाहिरातीचा दर, आणि खाली लाखांचा आकडा. हा एव्हीई, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग व्हॅल्यू इक्विव्हॅलेंट. पीआरचं मोजमाप कसं करायचं ते सांगणाऱ्या 2010 च्या बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्ये स्पष्ट म्हटलंय की एव्हीई म्हणजे पीआरचं मूल्य नाही. तरी क्लायंट मागतात, त्यामुळे इंटर्न म्हणून वाद घालू नका, शीट करून द्या, फक्त शेजारी आपली दुसरी शीट ठेवा: बातमीत आपला मुख्य मुद्दा आला का, आला तर कितव्या परिच्छेदात, कोणाचं म्हणणं छापलं, आणि त्यानंतर काही हललं का, हेल्पलाईनला फोन, नोंदणी, शिबिराला माणसं. हा शेवटचा आकडा मिळवायला क्लायंटच्या ऑफिसात विचारावं लागतं, सहसा कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

इन्फ्लुएन्सरचं काम आलं तर आणखी एक. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पैसे किंवा वस्तू देऊन केलेल्या पोस्टवर ते जाहिरात असल्याचं लेबल लागतं. कॅप्शनचा ड्राफ्ट तुमच्याकडे आला आणि लेबल नसेल तर लगेच सांगा, नंतर नको.

वही

रोज निघायच्या आधी दहा मिनिटं. आज काय केलं, कुठली थिअरी आठवली, आणि कुठे ती बसली नाही. तिसरा रकाना रिकामा सोडू नका, कारण पुस्तकात नसलेलं सगळं तिथेच जमा होतं: बातमीदार सुट्टीवर होता, क्लायंटने शेवटच्या क्षणी कोट बदलला, पत्रकार परिषद दुसऱ्या मोठ्या बातमीमुळे रिकामी गेली. रिपोर्ट लिहिताना या रकान्यापासून सुरू करा आणि मग मागे थिअरीकडे जा.

क्लायंटचं नाव, आकडे, आतले मेल रिपोर्टात टाकायच्या आधी ऑफिसची लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर "पुण्यातलं एक खासगी रुग्णालय" एवढं लिहिलं तरी चालतं, गाईडना आधी सांगून ठेवा. आणि ही परवानगी शेवटच्या दिवशी मागू नका, एचआरकडून उत्तर यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तुमचा ऑफिसचा ईमेल बंद झालेला असतो.