अपघातानंतरचा रक्ताचा नमुना : या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्गावर गाडी ठोकली की जखमी आधी ग्रामीण रुग्णालयात पोचतो, पोलीस मागाहून. मधल्या वेळात घरचे जो घोळ घालतात तो पुढे कोर्टात नडतो.

"नाय ओ, आमचो झील घेणाच नाय!" आमचा मुलगा दारू घेतच नाही, असं पोलिसांच्या धास्तीने डॉक्टरांनाच सांगितलं जातं. डोक्याला मार लागलेल्याची गुंगी दारूची की मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे डॉक्टरांना त्याच घटकेला ठरवायचं असतं. इथे खोटं बोलून केस सुटत नाही, माणूस मात्र हातचा जातो.

सगळं रक्त एकच समजू नका. उपचारासाठी काढलेलं वेगळं, पोलिसांच्या पत्रावरून काढलेलं वेगळं. रुग्णालयाची लॅब बहुधा सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) तपासते आणि सिरममधला अल्कोहोलचा आकडा अख्ख्या रक्तापेक्षा जास्त येतो. दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल अशी आहे. (गोव्यातही हीच. बांद्याचा नाका ओलांडल्याने काही बदलत नाही.) त्यामुळे सरकारी वकिलांनी उपचाराचा रिपोर्ट पुढे केला, तर तपासलं काय, हे आधी विचारायला लावा. पोलिसांच्या नमुन्यात पाहायचं ते असं: सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटने तर पुसली नाही ना, बाटलीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारं रसायन) होतं का, सील आणि नाव जुळतं का, रक्त काढल्याची वेळ लिहिली आहे का. फ्लोराइड नसेल तर आपल्याकडच्या उकाड्यात जंतू नमुन्यातच अल्कोहोल तयार करू शकतात.

"आमची खासगी बाब आहे, रक्त देणार नाही" हा हट्ट उलटतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, हे खरं. पण सबळ कारणाशिवाय दिलेला नकार मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०५ नुसार सरकार पक्षाच्याच पथ्यावर पडतो. रुग्ण दाखल असेल तर पोलिसांनी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं लागतं. उपचारात बाधा येईल म्हणून हरकत घेण्याचा अधिकार त्या डॉक्टरांचा, काका-मामांचा नव्हे. कोर्टाने विचारल्यावर डॉक्टरांना सांगावंच लागतं. समोरच्या पार्टीने किंवा पत्रकाराने केसपेपर मागितला, तर मात्र तो देता येत नाही.

ओळखीच्या डॉक्टरांना "जरा सांभाळून लिहा" असा फोन तर करूच नका. त्यापेक्षा केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या. ती ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.