कॅन्सरचं निदान झालं, उपचार अजून सुरू नाहीत: मधल्या दिवसांत काय कराल?

‘गाठ आत वाढत असेल आणि आपण नुसते बसलोय’ हा विचार या दिवसांत झोप उडवतो. विलंब नेमका कशामुळे होतोय, हे आधी विचारा. बायोप्सीच्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसारख्या (पेशींतली प्रथिनं पाहून कॅन्सरचा प्रकार ओळखणारी चाचणी) पुढच्या तपासण्या चालू असतील, स्कॅन व्हायचा असेल, तर तो वेळ वाया जात नाही. औषध कोणतं द्यायचं हे त्यावरच ठरतं. पण रिपोर्ट कुणाच्या तरी टेबलावर नुसता पडून असेल, तर पाठपुरावा करायलाच हवा. त्यात भिडस्तपणा नको. ‘कोणता रिपोर्ट बाकी आहे, कधी येईल, आला की फोन कोण करणार?’ एवढं विचारून नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा. तारीख उलटली की स्वतः फोन करा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर हीच वेळ. त्यासाठी नुसता कागद पुरत नाही. बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या.

पुढे मूल हवं असेल तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू जतन करण्याबद्दल केमोआधीच बोला. तोंडा-घशाला रेडिएशन असेल तर आधी दात दाखवून घ्या. तंबाखू, सिगारेट आजच बंद. कुणी सुचवलेले काढे डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

धाप, रक्तस्राव, ताप, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं, यांतलं काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.